संगणक शिकवतो म्हणजे काय शिकवतो?

फेब्रुवारीत विज्ञान दिनाच्या निमित्ताने रायगड जिल्ह्यातील तळा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत बोलण्याचा योग आला. व्याख्यान संपल्यावर गणित-विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी आग्रहाने शाळेची संगणकाची खोली दाखवली. खोलीला कुलूप होते आणि किल्ली शिपाईमामांकडे होती. ते येईपर्यंत आम्ही तळगडाकडे बघत व्हरांड्यात उभे राहिलो. आत दहा संगणक ओळीने मांडलेले होते. प्रत्येकावर जुन्या पडद्यांच्या कापडाचा शिवलेला अभ्रा होता. त्यांपैकी चार चालू होते. बाकीच्यांचे काय झाले, असे विचारल्यावर बाई म्हणाल्या, "दोन पावसाळ्यांत दमट हवेने गेले, एकाची वायर उंदरांनी खाल्ली, उरलेल्यांचं काय झालं ते दुरुस्तीवाला आला की कळेल." भिंतीवर रंगाने काढलेले चार्ल्स बॅबेजचे चित्र मात्र झकास होते. शेजारी संगणकाचे भाग आणि त्यांची नावे होती.

मुलांच्या वह्या चाळल्या. संगणकाचे जनक कोण, संगणकाच्या पिढ्या किती, अमुक आद्याक्षरांचे पूर्ण रूप काय, कळफलकाची आकृती काढून नावे द्या. सगळे स्वच्छ अक्षरात आणि तपासलेले. हे वाचून प्रस्तुत लेखकाला स्वतःचे शालेय इतिहासाचे पुस्तक आठवले, त्यातल्या सनावळ्या आठवल्या.

दहावीच्या वर्गात मी सहज विचारले, "तुमचे फॉर्म कोण भरतं?" सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "सायबरवाला!" हशा पिकला. एक मुलगी मात्र हसली नाही. नंतर ती बाईंच्या मागे उभी राहून हळूच म्हणाली, "सर, माझी शिष्यवृत्ती आलीच नाही. नाव जुळत नाही म्हणतात." तिच्याजवळ दोन कागदांच्या झेरॉक्स होत्या. दोन्हींवर तिचेच नाव होते. तिचे खरे नाव येथे देत नाही, पूजा समजू. एका कागदावर इंग्रजी लिपीत पू लिहिताना दोन 'ओ' घातले होते आणि दुसऱ्यावर एक 'यू'. ती म्हणाली, "दोन्ही वाचलं तर पूजाच होतं ना, सर?" फॉर्म भरणाऱ्याने तिला सांगितले होते की सर्व्हर घेत नाही. सर्व्हर का घेत नाही, हे त्याने सांगितले नव्हते, आणि त्यालाही ते ठाऊक असेल असे वाटत नाही.

या लेखाचा विषय तिथेच ठरला. चार वर्षे 'संगणक' हा विषय शिकलेल्या या मुलीला बॅबेज ठाऊक आहे, पण यंत्राला आपली दोन नावे वेगळी का वाटली हे तिला कोणीही शिकवलेले नाही. आणि हा प्रश्न क्षुल्लक नाही. २०२५-२६ या वर्षापासून अकरावीचे प्रवेश महाराष्ट्रभर ऑनलाईन झाले. तोपर्यंत लहान गावातल्या मुलाला जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाऊन कागदी अर्ज देता येत होता. आता तळ्याच्या मुलालाही पसंतीक्रम पडद्यावरच भरावा लागतो. तो क्रम दुसऱ्याच कोणी घाईत भरला तर नुकसान कोणाचे, हे शिक्षकांना सांगायला नको.

आपल्याकडे शाळेत संगणक आणण्याला आता चाळीस वर्षे होऊन गेली. १९८४-८५ साली केंद्र सरकारने 'क्लास' या नावाचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा देशातल्या सुमारे २५० शाळांमध्ये ब्रिटनहून आलेले 'बीबीसी मायक्रो' संगणक ठेवले गेले. त्यांची स्मृती होती ३२ किलोबाइट. आजच्या फोनमधल्या एका साध्या छायाचित्रालाही तेवढी जागा पुरणार नाही. पण त्या यंत्राची एक गंमत होती. बटण दाबले की पडद्यावर चित्रे येत नसत, 'बेसिक' भाषेची रिकामी ओळ लुकलुकत उभी राही. काही करायचे तर काहीतरी लिहून सांगावेच लागे. ज्यांच्या वाट्याला हे यंत्र आले अशी माझ्या आधीच्या पिढीतली काही माणसे भेटतात, तेव्हा ती दहा ओळींच्या आज्ञावलीबद्दल आजही उत्साहाने बोलतात. अडचण अशी की यंत्रे थोडी होती, शिकवणारे त्याहून थोडे होते आणि सारा व्यवहार इंग्रजीत होता.

पुढे यंत्रे स्वस्त झाली आणि चित्रांवर टिचकी मारून चालणारी झाली. त्याबरोबर शाळेतला विषयही बदलला. आज्ञावली मागे पडली आणि पत्र टाइप करणे, तक्ता आखणे, सरकती चित्रे बनवणे हे पुढे आले. थोडक्यात, कार्यालयातल्या कारकुनाला जे लागते तेच आपण सातवीच्या मुलाला शिकवू लागलो. ही चूक केवळ आपली नव्हे. ज्या ब्रिटनने बीबीसी मायक्रो घडवला तिथेही हेच झाले. २०१२ साली रॉयल सोसायटीने शाळांतील संगणक शिक्षणाची तपासणी करून त्यावर कडक अहवाल दिला आणि २०१४ च्या सप्टेंबरपासून इंग्लंडने जुना विषय काढून त्या जागी 'संगणन' हा नवा विषय पहिल्या इयत्तेपासून आणला. त्यात यंत्र वापरण्यापेक्षा कृतीचे टप्पे पाडणे, माहिती अंकांत मांडणे, चूक शोधणे यांवर भर आहे. त्यासाठी लागणारे शिक्षक मिळवताना त्यांचीही दमछाक झाली, हेही सांगायला हवे.

आपल्याकडे याच काळात दुसरेच वारे सुटले. २०१५ नंतर महाराष्ट्रात 'डिजिटल शाळा' हा शब्द घरोघरी पोचला. ठाणे जिल्ह्यातल्या पष्टेपाड्यासारख्या छोट्या शाळांनी उदाहरण घालून दिले, आणि गावोगावच्या शिक्षकांनी लोकवर्गणी काढून प्रोजेक्टर, टीव्ही, टॅबलेट आणले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याची कल्पना राबवली आणि २०२० साली त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. या शिक्षकांच्या धडपडीबद्दल मला मनापासून आदर आहे. टीका आहे ती आपण लावलेल्या मोजपट्टीवर. शाळा डिजिटल झाली की नाही, हे आपण वस्तू मोजून ठरवले. खोलीत पडदा आहे, म्हणजे झाली. पडद्यावर कवितेची चित्रफीत दाखवणे हे कवितेचे अध्यापन आहे, चांगलेही असेल, पण ते संगणकाचे अध्यापन नव्हे. या दोन गोष्टींची आपण सरमिसळ केली आणि पहिली केल्यावर दुसरी आपोआप झाली असे समजलो.

वस्तू दिली की शिक्षण होते या श्रद्धेचे दोन प्रसिद्ध प्रयोग कोकणच्या जवळचे आहेत. १९९९ साली सुगाता मित्र यांनी दिल्लीत कालकाजी येथे भिंतीत भोक पाडून एक संगणक वस्तीच्या बाजूला तोंड करून बसवला. मुले कोणी न शिकवता तो चालवायला शिकली, हे सगळ्या जगाने ऐकले. पुढे असे संगणक सिंधुदुर्गातही बसवले गेले. मुले एकमेकांकडून शिकतात हे निरीक्षण खरे आहे, कुठल्याही शिक्षकाला ते वर्गात रोज दिसते. पण काय शिकतात? टिचकी मारणे, खेळ उघडणे, चित्र रंगवणे. पायल अरोरा या संशोधिकेने काही वर्षांनी उत्तराखंडात अल्मोडा परिसरातील अशा जागा जाऊन पाहिल्या, तेव्हा त्या बंद पडलेल्या होत्या. शिक्षकाशिवाय शिक्षण होते असे म्हणताना यंत्राची काळजी घेणारे, प्रश्न विचारणारे, पुढचे पाऊल दाखवणारे कोणीतरी लागते, हे हिशेबात धरले गेले नव्हते.

दुसरा प्रयोग तर रायगड जिल्ह्यातलाच. प्रत्येक मुलाला एक स्वस्त संगणक, ही कल्पना निकोलस नेग्रोपाँटी यांनी २००५ साली मांडली. त्यामागचा विचार सेमूर पेपर्ट यांचा होता. पेपर्ट हे पियाजे यांच्याबरोबर काम केलेले गणितज्ञ. मुलांसाठी 'लोगो' ही भाषा १९६७ च्या सुमारास ज्यांनी तयार केली त्यांतले ते प्रमुख. लोगोमध्ये मूल पडद्यावरच्या कासवाला 'इतके पुढे जा, इतके अंश वळ' असे सांगते आणि चौकोन काढते. चौकोन चुकला तर मूल स्वतः उठून जमिनीवर चालून पाहते आणि कुठे चुकले ते शोधते. पेपर्ट यांच्या मते संगणकाने मुलाला शिकवायचे नाही, मुलाने संगणकाला शिकवायचे. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने २००६ साली हा संगणक घेण्यास नकार दिला. तरीही २००७ साली रायगडमधल्या खैराट या धनगरवाड्यावरच्या एकशिक्षकी शाळेत वीसेक मुलांना ती हिरवी-पांढरी यंत्रे देण्यात आली. भारतातला हा त्या संगणकाचा पहिला प्रयोग. उन्हात वाचता येईल असा पडदा, आत कॅमेरा, लोगोच्या वंशातले कासवही होते. यंत्राची रचना आजही कौतुक करण्यासारखी आहे. मुलांना आनंद झाला, त्यांच्या छायाचित्रांना प्रसिद्धी मिळाली, आणि प्रयोग काही देशभर पसरला नाही.

याच यंत्राची मोठी चाचणी पेरू देशात झाली. तिथल्या ग्रामीण भागातील ३१९ प्राथमिक शाळा घेऊन, काहींना यंत्रे देऊन आणि काहींना न देता, तुलना केली गेली. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गणित आणि भाषा यांच्या परीक्षेत काहीही फरक पडला नव्हता. आकलनाच्या काही सर्वसाधारण कसोट्यांत थोडी सुधारणा दिसली, एवढेच. पेपर्ट यांची कल्पना खोटी ठरली असा याचा अर्थ मी घेत नाही. ती अमलातच आली नाही. कासव यंत्रात होते, पण 'चौकोन का चुकला?' असे विचारणारा शिक्षक त्या पेटीत घालून पाठवता येत नव्हता.

वस्तूवर भिस्त ठेवण्याचा दाखला तळा, म्हसळा, श्रीवर्धन या भागाला २०२० मध्ये फार कडू पद्धतीने मिळाला. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळी झोपल्या, घरांची छपरे उडाली, विजेचे खांब पडले आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. १५ जूनला राज्यात नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, तेही ऑनलाईन. याच काळात मोठ्या शहरांत सहा वर्षांच्या मुलांना 'कोडिंग' शिकवून कोट्यधीश करण्याच्या जाहिराती चालू होत्या. एकाच राज्यात एका मुलाला फोन चार्ज करायला खांब उभा राहण्याची वाट पाहावी लागत होती आणि दुसऱ्याला अब्जाधीश होण्याची घाई लागली होती.

इतकी टीका केल्यावर वाचक विचारतील की मग करायचे काय. यंत्र नसतानाही संगणनाचा गाभा शिकवता येतो, हे न्यूझीलंडच्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकातच पत्ते, दोरी आणि खडू वापरून दाखवले आहे. आपल्याकडे 'सीएसपाठशाला' हा उपक्रम २०१६ पासून याच दिशेने काम करतो आहे. मी येथे आपल्या घरातलेच एक साधन सुचवतो.

कोकणात भात मापण्याची जुनी मापे वयस्कर माणसांना अजून आठवतात. जुन्या अंकगणितात त्यांचे कोष्टक पाठ करावे लागे. दोन निळवी म्हणजे एक कोळवे, दोन कोळवी म्हणजे एक चिपटे, दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेर म्हणजे एक अधोली, दोन अधोल्या म्हणजे एक पायली. गावोगाव नावे आणि आकार थोडेफार बदलत, पण दुपटीचा नियम तोच. आता सर्वांत लहान मापाला, म्हणजे निळव्याला, एक म्हणा. मग मापे होतात १, २, ४, ८, १६, ३२ आणि ६४. सात मुलांना सात मापे द्या आणि ओळीत उभे करा, पायली मुलांच्या डाव्या हाताला नको, बघणाऱ्यांच्या डाव्या हाताला यावी. (ही चूक मी स्वतः केली आणि वर्ग खूश झाला.) नियम एकच, प्रत्येक माप एकदाच वापरायचे. भरले तर हात वर, रिकामे तर हात खाली. आता वर्गाला विचारा, ८४ निळवी भात कसे मापाल?

मुले आधी अडखळतात. मग कोणीतरी म्हणते, पायली घ्या, उरले २०. अधोली नको, जास्त होते. शेर घ्या, उरले ४. चिपटे घ्या, संपले. पायली, शेर आणि चिपटे यांचे हात वर, बाकीचे खाली. फळ्यावर वरच्या हाताला १ आणि खालच्या हाताला ० लिहिले की १०१०१०० असा आकडा तयार होतो. हीच द्विमान संख्या. ती शिकवताना मी आजवर दोनाचे घात, स्थानिक किंमत वगैरे पुष्कळ शब्द खर्च केले आहेत. पायलीने ते काम दहा मिनिटांत केले.

पुढची गंमत अशी की या सात मापांनी ० ते १२७ पर्यंतची कोणतीही संख्या मापता येते, म्हणजे एकूण १२८ वेगवेगळ्या स्थिती. अमेरिकेत १९६३ साली इंग्रजी अक्षरांना क्रमांक देण्याची जी पद्धत ठरली तिच्यात नेमके १२८ क्रमांक आहेत. मोठ्या लिपीतल्या 'टी'चा क्रमांक ८४. तळा हे नाव इंग्रजीत लिहिताना यंत्र पहिले अक्षर असेच साठवते, पायली-शेर-चिपटे. मग मुलेच विचारतात की मराठी 'त' कुठे आहे? तो या सात मापांत नाही, जागा इंग्रजीतच संपली. देवनागरीसाठी १९९१ साली एक भारतीय मानक ठरले, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोड या जागतिक पद्धतीतही देवनागरीला जागा मिळाली. युनिकोडमध्ये 'त'चा क्रमांक २३४० आहे, 'ळ'चा २३५५ आणि काना २३६६. यंत्राच्या दृष्टीने तळा म्हणजे हे तीन आकडे. २३४० मापायला पायलीच्या वर आणखी पाच मापे लागतात, ती कोणती हे मुलांना शोधू द्यावे.

आता पूजाकडे येऊ. तिच्या दोन कागदांवरची नावे वर्गाने आकड्यांत लिहिली. एकीकडे ८०, ७९, ७९, ७४, ६५. दुसरीकडे ८०, ८५, ७४, ६५. यंत्र दोन नावे 'वाचत' नाही. ते आकडे ओळीने ताडून पाहते. पहिला जुळला, दुसरा नाही, तिथेच थांबले. उच्चार, अर्थ, ही तीच मुलगी आहे, यांपैकी त्याला काहीच ठाऊक नाही. 'सर्व्हर घेत नाही' या वाक्यामागे एवढेच होते. मराठीतही सुटका नाही. दीर्घ ऊकाराचा क्रमांक २३७० आणि ऱ्हस्वाचा २३६९, त्यामुळे 'पूजा' आणि 'पुजा' ही यंत्राला दोन वेगळी माणसे. मराठीच्या शिक्षकांनी इतकी वर्षे मुलांच्या वह्यांत उकार लाल शाईने दुरुस्त केले, त्यांना यंत्राच्या रूपाने असा कडक साथीदार मिळेल असे वाटले नसेल. उच्चार सारखा असेल तर नावे सारखी मानावीत असा नियम यंत्राला लिहून देता येतो का? येतो, पण तो माणसाने विचार करून द्यावा लागतो, आणि मग 'रमा' आणि 'रामा' इंग्रजी लिपीत एकच होण्याचा धोका उभा राहतो. वर्गात यावर पाऊण तास भांडण झाले. असा पाऊण तास मला कुठल्याही प्रोजेक्टरपुढे पाहायला मिळालेला नाही.

हजेरीपट हेही असेच एक न वापरलेले साधन आहे. 'काळे' आणि 'कावळे' यांत आधी कोण? आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो, म्हणून कावळे आधी. युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' २३५५ वर, 'ल'च्या लगेच पुढे आहे आणि 'व' २३५७ वर. नुसत्या क्रमांकांवर लावले तर काळे आधी येतात. मराठीचा क्रम हवा असेल तर तो नियम वेगळा द्यावा लागतो, आणि बऱ्याच चांगल्या आज्ञावल्यांत तो दिलेला असतो. यंत्राने लावलेला क्रम हा कोणीतरी ठरवलेला क्रम असतो, हे मुलाला एकदा हजेरीपटावर दिसले की गुणवत्तायादी, पसंतीक्रम, फोनवर आधी येणारी बातमी यांकडे ते वेगळ्या नजरेने पाहील.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल की लेखक यंत्राच्या विरुद्ध आहे. तसे मुळीच नाही. पायली मापून फॉर्म भरता येत नाही. मुलाला कळफलक यायलाच हवा, आणि तो मराठीही. आज मुले फोनवर अंगठ्याने झरझर रोमन लिपीत मराठी लिहितात, पण 'क्ष' कसा काढायचा विचारले तर गप्प होतात. इनस्क्रिप्ट हा कळफलक १९८६ पासून आपल्याकडे प्रमाण आहे. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतेक उजव्या हाताला आहेत. 'क', मग हलन्त, मग 'ष' असे दाबले की 'क्ष' तयार होतो. जोडाक्षर कसे बनते हे व्याकरणाच्या तासाला जे सांगतो, तेच बोटांना कळते. आणखी एक मजा दाखवावी. 'कि' लिहिताना हाताने वेलांटी आधी काढतो, कळफलकावर मात्र आधी 'क' आणि मग वेलांटी. यंत्रातही तोच क्रम साठतो, २३२५ आणि २३६७. दिसते एक आणि साठलेले असते दुसरे. शाळेत चालू असलेल्या चार संगणकांवर एवढे केले, तरी मी तिला डिजिटल शाळा म्हणेन, भिंतीवर पडदा असो वा नसो.

याच्या जोडीला प्रत्यक्ष व्यवहार. दहावीच्या वर्गाने फॉर्म भरण्याचा सराव कागदावर करावा. पसंतीक्रम म्हणजे काय, पहिली पसंती मिळाल्यावर बाकीच्यांचे काय होते, परवलीचा शब्द सायबरवाल्याच्या वहीत का लिहून ठेवू नये, आधार, शाळेचा दाखला आणि बँकेचे पुस्तक यांतली नावे अक्षरशः ताडून पाहणे. हे शिकवायला पदवी लागत नाही. आठवीतच केले तर नाव दुरुस्त करायला दोन वर्षे हातात राहतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० साली पूर्व-माध्यमिक टप्प्यावर 'कोडिंग'चा उल्लेख केला आणि आता त्याच्या जोडीला कृत्रिम बुद्धिमत्तेचीही चर्चा आहे. भीती अशी की पुन्हा एकदा जनक कोण आणि पूर्ण रूप काय यांच्या नव्या याद्या वह्यांत उतरतील. विचारले की उत्तर देणारी यंत्रे आता मुलांच्या हातात आहेतच. ती मराठीतही बोलतात, आणि चुकीचे उत्तरही तितक्याच ठामपणे देतात. त्यांची पारख शिकवायची तर मुलांना स्वतःच्या गावाबद्दल विचारायला सांगावे. तळा तालुक्यात कुडे येथे लेणी आहेत, त्यांत दान देणाऱ्यांचे ब्राह्मी लेख आहेत. त्यांत कोणाकोणाच्या दानाची नोंद आहे, हे यंत्राला विचारावे आणि मग लेण्यांवरच्या पुस्तकातून तपासावे. जिथे मुलाला खरे-खोटे करता येते तिथूनच सुरुवात झाली पाहिजे. दूरच्या देशाबद्दल यंत्र काय सांगते ते मूल तपासू शकत नाही, आणि शिक्षकही नाही.

परवा त्या बाईंचा फोन आला होता. सात मापांपैकी पाच मुलांच्या घरांतून निघाली, त्यांतले एक चिपटे पितळेचे. कोळवे आणि निळवे कोणाकडेच नव्हते. मग मुलांनी चिपटेभर पाणी दोन सारख्या बाटल्यांत समान पातळीपर्यंत वाटले, खूण केली आणि तिथून बाटली कापली. त्यातले पुन्हा निम्मे करून निळवे केले. अधोली मात्र कोणाच्यातरी आजोबांनी परत मागितली आहे, पेरणीच्या आधी लागते म्हणून.